लाल टाका वर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वेळच्या प्रगतिपुस्तकात गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल हे मानाचे विषय वर बसायचे. अगदी तळाला, पंगतीत शेवटी बसवलेल्या पाहुण्यासारखे दोन विषय असत, कार्यानुभव आणि समाजसेवा. त्यांना गुण नसत, श्रेणी असे. घरी ती ओळ कुणी वाचतही नसे. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं शालेय अभ्यासक्रमाचा फेरविचार केला, तेव्हा 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं एक भारदस्त नाव पुढं आलं. मुलांनी हातानं काहीतरी करावं आणि ते चार लोकांच्या उपयोगी पडावं, असा त्याचा साधा अर्थ. कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत समाजसेवा म्हणजे शनिवारी सकाळी मैदानातले खडे वेचणं आणि हेडमास्तरांच्या खोलीसमोर पाणी शिंपडणं.

मला आज या तळाच्या ओळीबद्दल बोलायचं आहे. आधीच सांगून टाकते, मी सेवाभावी वगैरे मुलगी नव्हते. मला 'अ' श्रेणीची हौस नव्हती. मधल्या सुट्टीत डबा उघडताना शेजारी कुणीतरी बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल झाली. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. अब्बा दुसऱ्याच्या मागावर काम करायचे. माग बंद पडले. अम्मीला आणि मला त्यांनी मराठवाड्यात नानीच्या गावी पाठवलं. "थोडे दिवस," ते म्हणाले, "माग सुरू झाले की बोलावतो." त्या थोड्या दिवसांची पुढं चार वर्षं झाली. सामानात दोन ट्रंका, एक गाठोडं आणि अम्मीचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन होतं. एसटीच्या टपावर ते चढवताना कंडक्टरनं जे ऐकवलं, ते अम्मी पुढं कितीतरी वर्षं त्याच्याच आवाजात करून दाखवायची.

सहावीपर्यंत मी उर्दू शाळेत. नानीच्या गावात शाळा एकच, जिल्हा परिषदेची, मराठी. मला सातवीत घेतलं. अक्षरओळख होती, मराठी एक विषय म्हणून शिकले होते. पण विषय म्हणून शिकलेली भाषा आणि जिच्यात मुलं एकमेकांना चिडवतात ती भाषा, यांत फार अंतर असतं. पहिल्याच दिवशी मी सवयीनं वही मागच्या बाजूनं उघडली. वर्ग हसला. मग नाव पडलं, 'भिवंडी'. "ए भिवंडी, सरक." "ए भिवंडी, फळा पूस." त्यात फार दुष्टपणा होता असं नाही. पण कुणी आपल्याला आपल्या मोडलेल्या घराच्या नावानं रोज हाक मारावी, हे बारा वर्षांच्या पोरीला जड जातं. आणि एक अडचण होती, 'ळ'. उर्दूत ते अक्षर नाही. अब्बांच्या घरची बोली उत्तरेकडची, त्यामुळं माझ्या कानावरही ते फारसं पडलेलं नव्हतं. माझी शाळा 'शाला' होती, फळा 'फला' होता.

आता त्या गावच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. गावाला एक जुनी बारव होती. तिन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या, आत कोनाडे, एका कोनाड्यात शेंदूर लावलेला देव. बायका पायऱ्या उतरून खाली जायच्या, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडा बुडवायच्या. आज लोक बारवांचे फोटो काढायला लांबून येतात, तरुण मुलं गाळ काढून त्या जतन करतात, छानच करतात. आमच्या काळात त्याच देखण्या पायऱ्यांवर नारू राहत होता.

नवीन पिढीला नारू हा शब्दही माहीत नसेल. पांढरा, दोऱ्यासारखा जंत. शेवईएवढा जाड आणि दोन-तीन फूट लांब. पायावर आधी फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि त्यातून जंताचं टोक बाहेर डोकावतं. ते ओढून चालत नाही. तुटलं तर आत राहिलेलं सडतं, पाय भोपळ्यासारखा सुजतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं, बोट-दोन बोटं, असं बाहेर काढायचं. कधी आठवडे लागतात. त्याच्यावर औषध नाही, लस नाही, एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. आणि बाहेर पडायचा तो उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर. घरातला कर्ता माणूस खाटेवर आणि मृग निघून चाललेला, अशी घरं मी पाहिली आहेत.

आग थांबावी म्हणून माणूस पाय कुठं बुडवणार? पाण्यात. पाय पाण्यात गेला की जंत हजारो पिल्लं सोडतो. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव असतात, जेमतेम ठिपक्याएवढे. ते ही पिल्लं गिळतात. ते पाणी आपण पितो. पुढं साधारण वर्षभर काहीच कळत नाही. आणि मग एक दिवस पायावर फोड येतो. हे वर्षभराचं अंतर लक्षात ठेवा, पुढं त्याचंच सगळं रामायण आहे.

१९८३-८४ मध्ये केंद्र सरकारनं नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्र होताच. आमच्या शाळेपर्यंत तो पोचला तो विज्ञानाच्या सरांमुळं. त्यांनी एका काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी आणलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पाण्यात पांढरे ठिपके उड्या मारत होते. मग धोतराच्या जुन्या कापडाची दुहेरी घडी करून तेच पाणी त्यांनी दुसऱ्या पेल्यात ओतलं. ठिपके गेले. सगळा कार्यक्रम एवढाच होता. यंत्र नाही, गोळी नाही, दुहेरी कापड. सर म्हणाले, "या वर्षी समाजसेवेत खडे वेचायचे नाहीत."

२६ जानेवारी १९८५ च्या प्रभातफेरीत घोषणा होती, "पाणी गाळा, नारू टाळा." श्रोतेहो, एका ओळीत दोन 'ळ'! मी सगळा जोर लावून ओरडले, "पानी गाला, नारू टाला." पुढच्या-मागच्या दोन्ही रांगा लोळायच्या बाकी राहिल्या. सर मागं वळले. ते रागावले नाहीत, समजावलंही नाही. एवढंच म्हणाले, "आवाज मोठा आहे हिचा. हिला पुढं घ्या." झेंड्याच्या मागं पहिल्या रांगेत मी, आणि गावभर 'गाला, टाला'. सर मला चिडवत होते की सांभाळत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नक्की सांगता येणार नाही.

त्यानंतर त्यांनी जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीला वीस घरं. माझ्या जोडीला दिली ती वर्गातली एक अबोल मुलगी. तिची आई आदल्या उन्हाळ्यात नारूनं दोन महिने पडून होती, तेवढे दिवस ही शाळेत आलीच नव्हती. तिलाही मधल्या सुट्टीत कुणी नव्हतं.

कापडाचा प्रश्न आला. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून थोडी फडकी आली होती, ती पुरणार नव्हती. सरांनी गावातून जुनी धोतरं, मऊ झालेली लुगडी गोळा केली. पण नुसतं फडकं हंड्याच्या तोंडावर ठरत नाही, पाणी ओतलं की आत पडतं. काठ दुमडून त्यात नाडी ओवायला हवी होती. मी घरी सांगितलं. अम्मीनं मशीन ओढलं आणि रात्रभर चाक फिरवत बसली. शिलाईचे पैसे सर देऊ करत होते, आम्हांला त्यांची गरजही होती. अम्मी नको म्हणाली. मला तेव्हा तिचा राग आला होता. पण आल्यापासून त्या गावात आम्ही घेतच होतो. नानीचं घर, मामूंचं धान्य, शेजारचं सरपण. अम्मीला एकदा तरी देणारी व्हायचं होतं.

तिनं आणखी एक गोष्ट केली. सरांनी सांगितलं होतं की, कापडाची रोज एकच बाजू वर यायला हवी. उलटं बांधलं तर कालचे अडकलेले जीव आज हंड्यात. हे बायांच्या ध्यानात राहायचं कसं? अम्मीनं प्रत्येक गाळणीच्या एका बाजूला लाल दोऱ्याचा टाका घातला. "लाल टाका वर," बस्स. वाचता येवो न येवो, कुणालाही समजेल. पुढं इतर मुलीही आपापल्या गाळण्या घेऊन टाका घालून न्यायला आमच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. नानीच्या ओट्यावर एवढी वर्दळ आधी फक्त ईदेलाच व्हायची.

घरोघरी जाणं मात्र सोपं नव्हतं. माझे मामू मणियार. गावातल्या झाडून सगळ्या बायांच्या हातात ते बांगड्या भरायचे; मनगट हातात घेऊन, बोटं दाबून, एक एक बांगडी चढवायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण त्याच मामूंच्या भाचीचा हात हंड्याला लागलेला काही घरांत चालत नव्हता. एका म्हाताऱ्या आजींनी मला उंबऱ्यावरच थोपवलं, "तू तितंच थांब, माय. ही बांधंल." आवाज गोड होता. मी थांबले. जोडीदारणीनं बांधलं, घाईत, सैल. मी उंबऱ्यावरून सांगत होते, "नाडी ओढ. टाका खाली गेला, पलट." महिनाभर त्या घरी मी उंबऱ्यावरूनच पाणी गाळलं म्हणा ना.

सरांच्या यादीत बौद्धवाड्यातली घरंही होती. त्यावरून दोन पालकांनी कुरकुर केली. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सत्तरच्या दशकात महाराष्ट्रभर गाजली होती, पण आमच्या गावात ती वर्तमानपत्रातूनच आली असावी. तिथला आड वेगळा होता. सरांनी भाषण केलं नाही. नारूला आड आणि बारव यांतला फरक कळत नाही, असं काहीतरी पुटपुटले आणि यादी तशीच ठेवली. त्या वाड्यातल्या बायांनी आम्हांला चहा पाजला आणि मलाच हंडा पुढं केला. नंतर तपासणीला गेलो तेव्हा सगळ्यांत नीट बांधलेल्या गाळण्या तिथंच सापडल्या.

मग उन्हाळा आला आणि नारू निघालाच.

फेब्रुवारीपासून पाणी गाळून पिणाऱ्या घरांत मे महिन्यात माणसं खाटेवर पडली. आमच्या वीस घरांतच सात जण. लोक चिडले. "गाळलं तरी झाला, न गाळलं तरी झाला, मग कशाला ही मेहनत?" एकानं पारावर बसून म्हटलं, "त्या भिवंडीच्या पोरीच्या घरून आलेलं फडकं. काय शिवलंय त्यात, कुणाला ठाव." हे वाक्य गावभर फिरत आमच्या ओट्यापर्यंत आलं. भिवंडीतून निघालो त्याला वर्षच होत होतं. अम्मीनं ते ऐकलं, काही बोलली नाही, मशीनवर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी मी एका घरासमोरून जाताना पाहिलं, लाल टाक्याचं फडकं पायपुसणं झालं होतं.

मी शाळेत जायचं बंद केलं. तसेही परीक्षा संपून सुट्टीचे दिवस होते, पण सरांनी जोड्यांना सुट्टीतही फिरायला सांगितलं होतं. मी गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी जोडीदारीण ओट्यासमोर उभी. ती अबोल मुलगी, तिला लांबलचक बोलता यायचंच नाही. म्हणाली, "चल की. आपली वीस घरं राह्यलीत." नानी आतून म्हणाली, "जा." मी गेले.

पहिलं घर त्या आजींचं होतं. त्यांच्या मुलालाच नारू झाला होता. मी सवयीनं उंबऱ्यावर उभी राहिले आणि तिथूनच, सरांनी पढवलं होतं तसं, धडाधडा सांगायला लागले, की हा जंत आत्ताच्या पाण्यातला नव्हे, गेल्या उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्यातला आहे, त्याला आत वाढायला वर्ष लागतं, आत्ता गाळलेल्या पाण्याचा गुण पुढच्या साली दिसेल. माझी मराठी तेव्हा घाईत फार अडखळायची. आजींनी सगळं ऐकून घेतलं. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "म्हंजी बाळंतपणावानीच की. लेकराला नऊ म्हयने, ह्या मेल्याला बारा." आणि स्वतःशीच हसल्या. मग माझ्याकडं पाहून, "आन् तू भायेर काय उभी? ये आत. टाका वर हाय का खाली, मला दिसंना झालंय. बघ तूच."

मी आत गेले. टाका खाली होता. मी फडकं सोडलं, धुतलं, पलटून बांधलं.

सरांनी वर्गात काढलेल्या आकृत्या, आरोग्य केंद्राची चित्रं, यांतलं काहीही गावात तेवढं चाललं नाही जेवढं आजींचं ते एक वाक्य चाललं. बारवेवर, दळण दळताना, बाजारात, 'लेकराला नऊ, नारूला बारा'. बायांना हिशेब पटला. फडकी परत हंड्यांवर चढली. सरकारी मोहिमा अशाच यशस्वी होतात असा माझा समज आहे. वरून आलेली गोष्ट कुणीतरी आपल्या घरच्या शब्दांत वळवून घ्यावी लागते, आणि ते काम भाषातज्ज्ञांकडून होत नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यात आमच्या वीस घरांत एकच रुग्ण निघाला, तोही नुकताच बाहेरगावाहून आलेला. सरांनी वहीत त्याचं नाव लिहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. पुढं बारवेच्या पायऱ्या बंद करून वर कप्पी बसवली, आणि मी दहावीत गेले त्या वर्षी गावात हापसा आला. पहिल्या दिवशी सगळं गाव दांडा मारायला रांगेत. तोवर 'भिवंडी' हे नाव मागं पडून मला 'गाळणीवाली' म्हणू लागले होते. चिडवायलाच म्हणत, पण त्या नावानं मी ओ देत होते. 'ळ' कधी जमला ते मला आठवत नाही. उंबऱ्याच्या आत गेल्यावर केव्हातरी.

सातवीच्या प्रगतिपुस्तकात समाजसेवेपुढं 'ब' होती, तेही सांगून टाकते. श्रेण्या एप्रिलमध्येच भरल्या होत्या म्हणे.

बी.ए.साठी मी जिल्ह्याच्या गावी गेले, मराठीत कविता लिहू लागले. कार्यक्रमांत हमखास कुणीतरी विचारतं, "तुम्ही मराठीत कशा काय लिहिता?" किंवा कौतुकानं, "तुमचं मराठी किती छान हो!" मंडळींचा हेतू चांगला असतो. शेख महंमदांचं नाव घेऊन त्यांना गप्प करता येतं. श्रीगोंद्याच्या या संतकवीनं 'योगसंग्राम' लिहिला त्याला शतकं लोटली. पण मला ते उत्तर परकं वाटतं. माझ्यापुरतं उत्तर बारवेच्या पाण्यात आहे आणि ते सभागृहात सांगायला फार वेळ लागतो, म्हणून आज रेडिओवर सांगते आहे.

भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. १९८६ मध्ये जगात या रोगाचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ सालात माणसांमधले फक्त १५ नोंदले गेले. आफ्रिकेत चाडसह काही देशांत तो आता कुत्र्यांमध्येही सापडतो, म्हणून लढाई लांबली आहे. देवीनंतर माणसाच्या रोगांपैकी पृथ्वीवरून पुसला जाणारा हा दुसरा रोग ठरू शकेल, आणि तोही लसीविना, कापडाच्या आधारानं. २००० सालची ती बातमी मी अम्मीला वाचून दाखवली होती. ती चष्मा पुसत म्हणाली, "दोरा कच्च्या रंगाचा नव्हता, म्हणून टिकला."

मागच्या वर्षी गावी गेले होते. बारव तरुणांनी उपसून स्वच्छ केली आहे, संध्याकाळी पणत्याही लावतात. त्यांच्यातला एक जण मोबाइलवर चित्रण करत होता. मी पायऱ्यांवर बराच वेळ उभी आहे हे पाहून त्यानं अदबीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी उत्तर जुळवत होते. माझी जोडीदारीण आता आजी झाली आहे, गुडघे दुखतात म्हणून वरच्याच पायरीवर बसली होती. तिथूनच ती ओरडली, "इथलीच हाय ती. आमच्या जोडीची."